क्लचचे बेअरिंग आणि तीन दरपत्रके

२००६ साली तामिळनाडू विधानसभेच्या निवडणुकीत निरीक्षक म्हणून माझी नेमणूक तंजावर जिल्ह्यात झाली होती. निवडणूक आयोग या कामासाठी मुद्दाम दुसऱ्या राज्यातले अधिकारी पाठवतो. तिथले पक्ष त्यांना ओळखत नाहीत आणि तेही पक्षांना ओळखत नाहीत. मतदान एकाच टप्प्यात, ८ मे रोजी व्हायचे होते. त्याआधीचे दिवस मी सकाळी सातपासून मतदान केंद्रे पाहत फिरत असे. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश नकाशावर अगदी सपाट दिसतो, पण खेडी कालव्यांनी एकमेकांपासून तोडलेली आहेत आणि बरीचशी वाट कालव्याच्या बांधावरून जाते. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा तिकडे रिवाज आहे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कालवे कोरडे आणि बांधावरची माती पिठासारखी भुसभुशीत. जिल्हा प्रशासनाने म्हणूनच मला मोटारीऐवजी चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी जीप दिली होती. ती सरकारी नव्हती. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० खाली निवडणुकीपुरती अधिग्रहित केलेली ती एका भातगिरणीच्या मालकाची जीप होती, आणि तिच्याबरोबर त्याचाच चालक आला होता.

कुंभकोणमच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर मरुदानल्लूर नावाचे गाव आहे. मराठी माणसाने तिथे थांबावे असे एक कारण आहे. दक्षिणेतल्या भजन परंपरेत बोधेंद्र सरस्वती, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी अशी त्रयी मानली जाते. आज तिकडे भजनाचा जो ठरलेला क्रम आहे तो या सद्गुरू स्वामींनी लावून दिला असे मानतात, आणि त्या क्रमात संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांच्या सोबतीने आपल्या संतांचे अभंगही गायले जातात. तंजावरला मराठ्यांचे राज्य सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत होते. त्या काळाचे हे एक जिवंत देणे. गावातले मतदान केंद्र पाहून झाल्यावर पाच मिनिटे मठ पाहावा असा माझा विचार होता. पण मठाच्या रस्त्याला वळताना चालकाने गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला आणि सहाणेवर सुरी घासल्यासारखी कर्कश किंकाळी उठली. पाय काढला की आवाज बंद, पाय ठेवला की पुन्हा सुरू. ओसरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी वर मान करून पाहिले.

चालकाने जीप एका चिंचेच्या झाडाखाली उभी केली. पुढच्या पाच-सात मिनिटांत त्याने जे केले ते मी जवळ उभा राहून पाहिले, आणि तेव्हापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे.

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला. प्रथम त्याने पेडलला पायच लावला नाही आणि नुसते ऐकले. आवाज नव्हता. मग त्याने दोन बोटांनी, हो, पायाने नव्हे, खाली वाकून हाताच्या दोन बोटांनी पेडल अगदी हलके दाबले. पेडल थोडे पोकळ जाऊन कशाला तरी टेकले, आणि टेकताक्षणी आवाज सुरू झाला. मग पायाने पूर्ण दाबले. आवाज वाढला, पण जात बदलली नाही. शेवटी त्याने एक लांब पेचकस काढला, त्याचे टोक इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचावर टेकवले, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि माझ्या सहायकाला पेडल दाबायला सांगितले. उठला तेव्हा त्याचे निदान झाले होते. "बेअरिंग, सार. पण प्लेटपण संपली असणार."

हे निदान कसे होते ते थोडे उलगडून सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातला दरवाजा. इंजिनाच्या फ्लायव्हीलला एक खरखरीत अस्तराची चकती, म्हणजे क्लच प्लेट, चिकटून असते. तिला मागून स्प्रिंगची प्रेशर प्लेट दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा एक दुबेळके, ज्याला मिस्त्री फोर्क म्हणतात, एका बेअरिंगला पुढे सरकवते. हे बेअरिंग गरगर फिरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोटांवर जाऊन टेकते, बोटे दबतात, पकड सुटते. फिरणारी वस्तू आणि न फिरणारी वस्तू जिथे एकमेकींना भेटतात तिथे हे बेअरिंग बसवलेले असते. एकीकडे शेकड्यांनी फेरे, दुसरीकडे माणसाच्या पायाचा जोर, आणि मध्ये हे तळहातात मावणारे कडे.

आता आवाज तीन ठिकाणांहून येऊ शकतो. पेडलला हात न लावता, न्यूट्रलमध्ये आवाज येत असेल आणि पेडल दाबल्यावर तो थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. कारण पेडल दाबले की तो दांडा फिरायचा थांबतो. पेडल हलके टेकताच आवाज सुरू होत असेल तर दोष या क्लच बेअरिंगचा. कारण त्याला काम तेव्हाच सुरू होते. आणि हलक्या दाबाला काही नाही, पण पूर्ण दाबून पकड सुटल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलच्या मध्यात बसलेले छोटे पायलट बेअरिंग किंवा बुश गेलेले असते. कारण तेव्हाच इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा वेगवेगळ्या गतीने फिरू लागतात. चालकाने दोन बोटांनी पेडल दाबले ते यासाठी. या तीन दोषांचा खर्च वेगळा, काम वेगळे आणि घाई वेगळी. कागदावर मात्र तिन्हींची नोंद एकच होते : "गाडी आवाज करते."

आणि प्लेट संपली असणार हे त्याने न उघडता कसे सांगितले? तेही पेडलवरूनच. चांगल्या क्लचचे पेडल पहिला साधारण इंचभर पोकळ जाते. त्या मोकळ्या अंतरात बेअरिंग बोटांना शिवत नाही, आराम करते. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, बोटे उलट मागे येतात आणि ते अंतर कमी होत जाते. वेळेवर दांडीची फेरजुळणी केली नाही, तर एक दिवस अंतर संपते आणि बेअरिंग पाय पेडलवर नसतानाही घासत राहते. बेअरिंग मरते ते बऱ्याचदा अशा रीतीने, दुसऱ्याच्या झिजेने. बांधावरच्या भुसभुशीत मातीत अर्धा क्लच दाबून जीप रेटायची सवय त्यात भर घालते. चालक मला म्हणाला की पंधरा दिवसांत मोकळे अंतर अर्धे झाले होते. त्याने ते एकदा जुळवून घेतले, तरी पुन्हा कमी झाले. त्यावरून त्याने प्लेटचा अंदाज बांधला.

मग त्याने चहाच्या टपरीवरून मालकाला फोन केला. संभाषण तमिळमध्ये होते. माझ्या सहायकाने मला अर्थ सांगितला. मालकाने तीनच प्रश्न विचारले. आवाज कधी येतो? मोकळे अंतर किती उरले आहे? आणि उघडल्यावर काय काय बदलावे लागेल असे तुला वाटते? उत्तरे ऐकून तो म्हणाला, उघड, जे गेले असेल ते बदल, जुने सामान पिशवीत घालून आण. दोन मिनिटे लागली असतील. मालकाने जीप पाहिली नव्हती, आवाज ऐकला नव्हता.

मला त्या क्षणी वीस वर्षांपूर्वीची माझी स्वतःची जीप आठवली.

तेव्हा मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका उपविभागात प्रांत होतो. जीप सरकारी, दौरे डोंगरातले, चालक पन्नाशीचा आणि कानाचा तिखट. त्यानेही मला एके दिवशी सांगितले, "साहेब, क्लचचं बेअरिंग बोलतंय, लवकर बघायला हवं." मी कार्यालयात आल्यावर टिपणी ठेवायला सांगितले. टिपणी ठेवली गेली. तीन दरपत्रके मागवली गेली. तिन्ही आली; तिन्हींचे हस्ताक्षर एकाच माणसाचे होते हे मला तेव्हाच दिसले होते, आणि मी सही केली हेही खरे. मंजुरीचे अधिकार माझे नव्हते म्हणून प्रकरण वर गेले. वरून विचारणा आली की बेअरिंग निकामी झाल्याचा दाखला सोबत का नाही. दाखला देणाऱ्या यंत्रणेने कळवले की गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज दाखला देता येणार नाही, आणि गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीला अजून मंजुरी नव्हती. या पत्रव्यवहारात पाच आठवडे गेले आणि त्या पाच आठवड्यांत जीप रोज चालत होती, कारण टंचाईचे दौरे थांबवता येत नव्हते.

शेवटी मंजुरी आली : "क्लच बेअरिंग, १ नग, मजुरीसह." गिअरबॉक्स उतरवला गेला. तोपर्यंत बेअरिंगने प्रेशर प्लेटच्या बोटांना चर पाडले होते आणि प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत आले होते. मिस्त्रीने मला निरोप पाठवला की हे सगळे आत्ताच बदलून घ्या. मी फाइल पाहिली. मंजुरी बेअरिंगची होती. प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट यांच्यासाठी पुन्हा तीन दरपत्रके, पुन्हा टिपणी. तेवढे दिवस जीप खोललेल्या अवस्थेत ठेवणे शक्य नव्हते. मी सांगितले, मंजूर आहे तेवढे बदला आणि गाडी द्या. नवे बेअरिंग झिजलेल्या बोटांवर बसले. तीन महिन्यांनी घाटात, चढावर, क्लच घसरू लागला आणि जीप बैलजोडीने ओढून आणावी लागली. गिअरबॉक्स पुन्हा उतरला, मजुरी पुन्हा दिली गेली, आणि तीन महिन्यांचे बेअरिंगही पुन्हा बदलावे लागले. त्याच्या पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला : एकाच वाहनाचा गिअरबॉक्स तीन महिन्यांत दोनदा उतरवण्याचे प्रयोजन काय? आक्षेप अगदी बरोबर होता. मी जे उत्तर लिहिले ते आज मला आठवते तेव्हा थोडी लाज वाटते. त्यात डोंगराळ भाग आणि खराब रस्ते यांचा उल्लेख होता, माझ्या निर्णयाचा नव्हता.

या प्रकारात कुणी पैसे खाल्ले नाहीत, किंवा खाल्ले असले तरी दरपत्रकांपुरते. नियमही कुणी मोडला नाही. उलट सगळ्यांनी नियम पाळले म्हणून हे घडले. आपल्या वित्तीय नियमांत एक चांगली तरतूद असते की वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडू नयेत. पण दुरुस्तीच्या एका कामाचे तुकडे पाडू नयेत हे मात्र आपण पाहत नाही. आपण वस्तूला मंजुरी देतो, कामाला देत नाही. आणि क्लचसारख्या ठिकाणी वस्तू स्वस्त असते, पोहोचणे महाग असते. बेअरिंगची किंमत एकूण बिलात किरकोळ. खरा खर्च तिथवर जाण्याचा.

तो किती, हे मला मरुदानल्लूरहून कुंभकोणमला आल्यावर दिसले. दुसऱ्या गाडीची सोय होईपर्यंत दुपारचे काही तास माझ्याकडे होते, आणि मी ते कुंभकोणमच्या एका गॅरेजमध्ये बाकावर बसून काढले. (मठ राहिला तो राहिलाच.) मिस्त्रींनी प्रथम जीपचा मधला पत्रा काढला, मग गिअरची दांडी आणि पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या दांड्या. चारचाकी जोराच्या गाडीला एकाऐवजी दोन प्रोपेलर शाफ्ट असतात, दोन्ही सुटले. वेगमापकाची तार, हातब्रेकची जोडणी, क्लचची दांडी. मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, कारण गिअरबॉक्स निघाला की इंजिनाचा मागचा आधार जातो. मग आडवी तुळई, मग कवचाचे बोल्ट. शेवटी तिघांनी मिळून गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकत्र, सरळ रेषेत मागे ओढले. मिस्त्री पोरांना ओरडून सांगत होते ते एवढेच की खाली लोंबकळू देऊ नका. वजन प्लेटच्या मध्यावर आले तर ती वाकते. एवढे झाल्यावर ते कडे हातात आले. त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि फिरवायला सांगितले. आत वाळू भरली असावी तसे ते खरखरत फिरत होते. नवे दिले, ते लोण्यासारखे फिरले.

कामात एक शिस्त होती. प्रेशर प्लेटचे बोल्ट त्यांनी एकामागून एक काढले नाहीत; समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा सैल करत काढले, नाहीतर स्प्रिंगच्या जोराने झाकण वाकडे होते. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा भेगा आहेत का ते पाहिले. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरते का ते बोट फिरवून पाहिले, कारण नव्या प्लेटवर तेल उतरले तर सगळे काम वाया. पायलट बुश आताच बदलला. एक पोरगा नवे बेअरिंग रॉकेलच्या डब्यात धुवायला निघाला, त्याला थांबवले : आतले ग्रीस कारखान्यातून भरून बंद केलेले असते, धुतले की ते जाते आणि बेअरिंग महिनाभरात ओरडू लागते. प्लेट बसवताना तिचे मधले भोक बरोबर मध्यात यावे म्हणून एका भंगार गिअरबॉक्सचा जुना दांडा त्यांनी जपून ठेवला होता. तो घालून प्लेट जुळवली आणि मग बोल्ट आवळले. असा दांडा जपावा लागतो. सगळ्यात शेवटी पेडलचे मोकळे अंतर इंचभर ठेवले. जुने बेअरिंग, प्लेट आणि बुश कापडात बांधून चालकाच्या हाती दिले, मालकाला दाखवण्यासाठी.

आमच्याही जीपचे जुने बेअरिंग परत आले होते. ते जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत निरुपयोगी वस्तू म्हणून नोंदले गेले आणि एका खोक्यात गेले. कुणी ते हातात घेऊन फिरवून पाहिले नाही. पाहिले असते तर पेडलचे अंतर कुणीच जुळवत नव्हते हे कळले असते.

वाचक म्हणतील, हा खाजगी मालक आणि सरकार यांच्यातला नेहमीचा फरक. मालकाचा स्वतःचा पैसा होता. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. मालक तिथे नव्हता. त्यालाही मंजुरी दुरूनच द्यायची होती, अगदी माझ्या वरिष्ठांसारखी. फरक असा की त्याने विचारलेले प्रश्न निदानाचे होते आणि आमच्या फाइलवरचे प्रश्न दाखल्याचे होते. दुसरे असे की त्याला ठाऊक होते, हाच चालक पुढच्या वर्षीही हीच जीप चालवणार आहे. खोटे सांगितले तर सहा महिन्यांत जीपच सांगेल. आमच्याकडे चालक बदलतो, गाडी बदलते, अधिकारी तर बदलतोच. मग चूक कुणाची हे सांगायला कुणी जागेवर उरत नाही, आणि ती उणीव आपण कागदाने भरून काढू पाहतो.

शिवाय सरकारला हे जमत नाही असेही नाही. त्याच निवडणुकीत मी ते पाहत होतो. मतदान यंत्र मतदानाच्या मध्यावर बंद पडले तर काय करतात? झोनल अधिकारी राखीव यंत्र घेऊन येतो, पूर्ण संच बदलतो, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मोहोरबंद करतो, आणि मतदान पुढे चालू होते. अहवाल नंतर. फक्त बिघडलेले बटण बदला, बाकीचा संच मंजुरीत नाही, असे तिथे कुणी म्हणत नाही. दरपत्रक नाही, दाखला नाही. ज्या शासनव्यवस्थेने मतासारखी मोलाची गोष्ट एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या जागेवरच्या निर्णयावर सोपवली, तिला चालकाच्या कानावर एक बेअरिंग सोपवता येत नाही. मला यातले कारण विश्वासाचे वाटत नाही. निवडणुकीत आपण आधी बसून विचार केलेला असतो की काय काय बिघडू शकते, तेव्हा कोण काय करील, आणि नंतर कसे तपासायचे. गाडीच्या बाबतीत हा विचार कुणी केलेलाच नाही.

असाच विचार एका दुसऱ्या यंत्राच्या बाबतीत झाला होता, आणि त्यात महाराष्ट्र व तामिळनाडू दोघांचाही वाटा आहे. खेड्यांतला इंडिया मार्क-२ हातपंप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचा पूर्वज सोलापूरचा पंप. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो सुधारून देशभर गेला. पंप दणकट, पण जमिनीखालच्या सिलिंडरमधला कप वॉशर झिजे, आणि तो दोन पैशांचा वॉशर बदलण्यासाठी सगळी पाइपलाइन वर ओढावी लागे. त्यासाठी गाडी, अवजारे आणि माणसे तालुक्यावरून येईपर्यंत बायका मैलभर पाणी आणत. क्लच बेअरिंगचीच गोष्ट. १९८० च्या दशकात कोइमतूर भागात या पंपाच्या सुधारणांची प्रत्यक्ष वापरात चाचणी झाली. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचा वॉशर आला, आणि पुढे मार्क-३ मध्ये पाइप रुंद करून दट्ट्या पाइप न उतरवता वरून काढता येईल अशी रचना केली गेली. त्यांनी मंजुरीचा अर्ज सुधारला नाही, पोहोचण्याचा खर्च कमी केला. जिथे तो कमी करता येत नाही, जसे की जीप, तिथे एकदा पोहोचल्यावर सगळे करून घ्यावे हे ओघाने येते.

पुढे एका जिल्ह्यात विभागप्रमुख असताना मी माझ्या अधिकारात एक साधा बदल करून पाहिला. वाहनाच्या नोंदवहीत चालकाने लिहायच्या तीन ओळी वाढवल्या : आवाज किंवा दोष नेमका कधी जाणवतो, पेडलचे मोकळे अंतर किती, मागच्या वेळी हा भाग कधी उघडला होता. अंदाजपत्रक वस्तूचे न मागता कामाचे मागायचे, आणि मर्यादा ठरवून त्यात "उघडल्यावर आवश्यक ते" असे शब्द घालायचे. उघडलेल्या भागाचे छायाचित्र आणि जुने सामान बिलासोबत आलेच पाहिजे, आणि ते कुणीतरी हातात घेऊन पाहिलेच पाहिजे. चालक आणि मिस्त्री संगनमत करतील अशी शंका लेखाधिकाऱ्यांनी काढली. शंका रास्त होती. न बसवलेल्या सामानाची बिले मी स्वतः पकडली आहेत. पण ती पकडली जुने सामान मागितले म्हणून. तीन दरपत्रकांनी त्यातले एकही पकडले नव्हते. शंका काढणाऱ्या त्याच लेखाधिकाऱ्यांनी सहा महिन्यांनी मला सांगितले की त्यांना बेअरिंग फिरवून पाहायची सवय लागली आहे.

चालकांनी त्या तीन ओळी भरायला फार वेळ घेतला. पहिले दोन महिने सगळ्यांनी "ठीक आहे" एवढेच लिहिले. लिहून काही होत नाही हा त्यांचा अनुभव होता, आणि तो आम्हीच दिलेला. एका चालकाने एकदा बिचकत लिहिले की हलक्या दाबाला आवाज येतो. त्याच दिवशी गाडी कामाला लावली, तेव्हा बाकीच्यांच्या ओळी भरू लागल्या.

आता त्या जीपगाड्या राहिल्या नाहीत. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरली, आणि पुष्कळ कार्यालयांत गाड्या कंत्राटावर येतात; क्लच गेला तर तो कंत्राटदाराचा प्रश्न. पण सरकारी दवाखान्यातले क्ष-किरण यंत्र, पाणीपुरवठ्याचा पंप, बंधाऱ्याचे दार, शाळेचे छप्पर, हे अजून आपलेच आहे. त्यांचा आवाज ऐकणारी माणसे, म्हणजे तंत्रज्ञ, पंपचालक, कालव्यावरचा चौकीदार, शिपाई, अजून नोंदवहीत "ठीक आहे" लिहितात. माझ्या बदलीनंतर त्या तीन ओळींचा नमुना दोन वर्षे चालला. नंतर आलेल्या छापील नोंदवहीत त्या ओळी नव्हत्या.

मरुदानल्लूरची जीप संध्याकाळी साडेसातला तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती माझ्या विश्रामगृहाच्या दारात उभी होती, आणि मतदानापर्यंत रोज बांधांवरून फिरली. चालकाने पुढच्या आसनाखाली कापडाची ती पुरचुंडी ठेवली होती. अधिग्रहण संपून जीप परत गेली त्या दिवशी मी त्याला विचारले, मालक हे बघून काय करणार? तो म्हणाला, "बघणार, सार. हातात घेऊन फिरवणार. मग मला ओरडणार की अर्धा क्लच दाबून गाडी का चालवलीस."